एसी तासावर पेट्रोल पितो: एकाच गाडीची दोन ॲव्हरेज

एक गाडी, ती चालवणारे दोघे आणि एकाच उन्हाळ्यात आलेले दोन वेगळे आकडे, असं हे प्रकरण आहे. गाडी साधी. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, गिअर हाताने टाकायचे, एसीलाही गोल फिरवायची बटणं. बहीण-भाऊ ती वाटून वापरतात. धाकटा भाऊ रोज शहरातल्या गर्दीतून कामावर जातो. मोठ्या बहिणीचं काम गावोगावी असतं, त्यामुळे तिची गाडी बहुतेक वेळ महामार्गावर. उन्हाळा लागला, एसी रोजचा झाला आणि दोघांत वाद सुरू झाला.

"ताई, एसीनं ॲव्हरेज पार झोपवलं. चौदाचं नऊवर आलंय," हे भावाचं म्हणणं.

"अरे, मला वीस मिळायचं तिथे अठरा मिळतंय. एवढा काही फरक नाही. तुझाच पाय जड आहे," हे बहिणीचं.

भावाला वाटत होतं गाडीत बिघाड आहे. बहिणीला वाटत होतं भाऊ गाडी दामटतो. मला या प्रकरणात रस वाटला तो त्यातल्या तुलनेमुळे. एरवी अशा वादात दोन वेगळ्या गाड्या असतात, मग इंजिन वेगळं, टायर वेगळे, वजन वेगळं, आणि बोलणं तिथेच खुंटतं. इथे इंजिन तेच, कॉम्प्रेसर तोच, गॅरेजही तेच. बदलत होती फक्त गाडी वापरायची तऱ्हा.

आधी आकडे खरे आहेत का ते पाहणं गरजेचं होतं. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो, आणि एकदाच टाकी भरून काढलेल्या ॲव्हरेजला तर फारसा अर्थ नसतो. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे थांबलं नाही, वरून आणखी थोडं टाकलं, की अर्ध्या-एक लिटरचा फरक सहज पडतो. त्यामुळे दोघांनी आपापल्या टाक्या वेगळ्या मोजल्या, प्रत्येक वेळी पहिल्या कटऑफवर थांबून, आणि कुठल्याही एका टाकीवर भरवसा न ठेवता सरासरी काढली. टायरची हवा सारखी ठेवली. एसी बंद असतानाचे थंड दिवसांतले आकडे वहीत आधीपासून होतेच. निकाल दोघांच्या तोंडी होता तोच आला: शहरात १४ वरून ९, महामार्गावर २० वरून १८. कोणीच वाढवून सांगत नव्हतं. मग एकाच एसीनं एकाकडून एक तृतीयांशाहून जास्त ॲव्हरेज घ्यावं आणि दुसऱ्याकडून एक दशांश, हे कसं?

माझ्या मते सगळी गफलत होते ती इथेच. आपण गाडीचा खर्च किलोमीटरवर मोजतो. चाकं फिरवायला लागणारं पेट्रोल किलोमीटरवर मोजणं योग्यच आहे. पण एसी किलोमीटर ओळखत नाही. तो तासावर मजुरी घेणाऱ्या कामगारासारखा आहे. गाडी पळो, रांगेत उभी राहो, त्याचा तास चालूच असतो.

एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि तो पट्टा इंजिनच्या क्रँकशाफ्टवरून, म्हणजे त्याच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, येतो. केबिनमधली उष्णता वायूत शोषून घ्यायची, तो वायू दाबून गरम करायचा आणि पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता बाहेर टाकायची, हे त्याचं काम. पट्टा आणि कॉम्प्रेसर यांना जोडणारा-सोडणारा चुंबकी क्लच मध्ये असतो. केबिनची हवा गार करणारी कूलिंग कॉइल गोठायच्या बेताला आली की क्लच सुटतो, थोड्या वेळाने पुन्हा 'टक्' करून लागतो. पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली तेव्हा हा क्लच नव्हता. थंडावा नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. क्लच आला आणि कॉम्प्रेसर गरजेपुरता चालू लागला. आज बऱ्याच गाड्यांत आपली क्षमता स्वतः कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर असतो. या गाडीत मात्र जुना, ठरावीक क्षमतेचा होता.

आता हिशेब. कडक उन्हात अशा लहान गाडीचा कॉम्प्रेसर सुरुवातीला तीन-चार किलोवॉटपर्यंत ताकद घेऊ शकतो, पण केबिन थंड झाल्यावर क्लच अधूनमधून सुटत असल्याने सरासरी बरीच खाली येते. मी १.३ किलोवॉट धरली. आतला ब्लोअर आणि रेडिएटरपुढचा पंखा मिळून पावणेतीनशे वॉट वीज घेतात असं धरलं. ही वीज अल्टरनेटर बनवतो आणि त्यात बरीच ताकद उष्णतेत जाते. युरोपीय नियमांच्या हिशेबात साध्या अल्टरनेटरची कार्यक्षमता ६७ टक्के धरतात. म्हणजे इंजिनवर या विजेचा बोजा सुमारे ०.४ किलोवॉट. एकूण १.७.

या बोजाला पेट्रोल किती लागतं? एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८.९ किलोवॉट-तास ऊर्जा असते, पण ती सगळी शाफ्टवर येत नाही. चालू असलेल्या इंजिनवर वरून बोजा टाकला तर प्रत्येक किलोवॉट-तासाला किती जादा इंधन लागतं, याचे ठरीव आकडे त्याच युरोपीय पद्धतीत आहेत: साध्या पेट्रोल इंजिनला ०.२६४ लिटर, टर्बो पेट्रोलला ०.२८, डिझेलला ०.२२. इंजिनचं स्वतःचं घर्षण आधीच भागलेलं असतं आणि बोजा वाढला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जरा जास्त उघडून हवा ओढण्याचे कष्टही कमी होतात. त्यामुळे हे जादा काम वाटतं त्यापेक्षा स्वस्तात होतं. तर १.७ गुणिले ०.२६४, म्हणजे तासाला जवळपास ०.४५ लिटर.

हा एकच आकडा दोघांच्या वापराला लावून पाहू. भाऊ सिग्नल, रांगा, सगळं धरून तासाला सरासरी १५ किलोमीटर काटतो. एसी बंद असताना १४ चं ॲव्हरेज म्हणजे तासाला १.०७ लिटर. त्यात ०.४५ मिळवले की १.५२, आणि ॲव्हरेज येतं ९.९. बहिणीचा सरासरी वेग ७२. तिचं वीसचं ॲव्हरेज म्हणजे तासाला ३.६ लिटर. त्यात तेच ०.४५ मिळवले की ४.०५, आणि ॲव्हरेज १७.८. एसीनं दोघांकडून तासाला सारखंच पेट्रोल घेतलं. बहिणीच्या तासात बहात्तर किलोमीटर बसतात म्हणून ते दिसत नाही, भावाच्या तासात पंधराच बसतात म्हणून डोळ्यांत भरतं. शंभर किलोमीटरमागे मांडलं तर १५ च्या वेगाला तीन लिटर जादा, ३० ला दीड, ६० ला पाऊण, ९० ला अर्धा.

"एसीनं ॲव्हरेज किती टक्के पडतं?" या प्रश्नाला मी म्हणूनच एक आकडा देत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे की फार गरम हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, साध्या गाडीचं ॲव्हरेज एसीमुळे २५ टक्क्यांहून जास्त पडू शकतं. ते भावाच्या बाबतीत खरं आहे आणि बहिणीच्या बाबतीत नाही. कंपनीच्या जाहीर आकड्याशी ताडून बघणंही इथे कामाचं नाही. ज्यातून कंपन्यांचे आकडे येतात ती युरोपातली डब्ल्यूएलटीपी चाचणी एसी बंद ठेवूनच होते. अमेरिकेत मात्र ३५ अंश तापमान आणि कृत्रिम ऊन ठेवून एसी चालू असताना वेगळी चाचणी घेतात, आणि २००८ च्या मॉडेलांपासून ती जाहीर आकड्यात धरली जाते.

इथपर्यंत वाद मिटल्यासारखा वाटला. पण आकडे पुन्हा पाहिले तर एक फट राहत होती, आणि माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

हिशेबानं बहिणीला १७.८ यायला हवं होतं, तिला १८ मिळत होतं. म्हणजे तिचा एसी तासाला ०.४ लिटर घेत होता, अंदाजापेक्षा किंचित कमीच. भावाला ९.९ यायला हवं होतं, मिळत होतं ९. उलट हिशेब केला तर त्याचा एसी तासाला ०.६ लिटर घेत होता. एकाच एसीनं बहिणीच्या हातात ०.४ आणि भावाच्या हातात ०.६ का घ्यावं? थोडा फरक समजण्यासारखा आहे. एसी लावला की गाडी बंद पडू नये म्हणून उभ्या गाडीत इंजिन जरा जास्त वेगानं फिरवलं जातं, आणि भाऊ उभा फार राहतो. पण दीडपटीचा फरक तेवढ्यानं भरून निघत नव्हता.

मी भावाला एकच विचारलं: सिग्नलला उभं असताना हवा तितकीच थंड येते का? तो म्हणाला, नाही, उभं राहिलं की कोमट होते, गाडी सुटली की परत गार. बहिणीला हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण ती उभीच राहत नाही.

या एका उत्तरानं बोट थेट कंडेन्सरकडे गेलं. धावत्या गाडीत समोरची हवा आपोआप जाळीतून जाते. उभ्या गाडीत ते काम पंख्यावर असतं. तिथे हवा कमी पडली तर वायूतली उष्णता बाहेर जात नाही, दाब चढतो आणि त्या चढ्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला रेटावं लागतं. आकड्यांत सांगायचं तर आर-१३४ए हा एसीतला वायू ५५ अंशांना द्रवरूप होतो तेव्हा दाब सुमारे १५ बार असतो, ७० अंशांना २१ बार. थंडावा तेवढाच हवा असेल तर आदर्श यंत्रालासुद्धा दुसऱ्या स्थितीत सव्वापटीहून जास्त काम पडतं. त्यात थंडावा पुरेसा होत नसल्याने क्लच सुटतच नाही, आणि चालक बिचारा ब्लोअर चारवर नेतो.

गॅरेजमध्ये पहिली सूचना आली ती नेहमीचीच: "गॅस कमी झाला असेल, टॉपअप करून टाकू." ही सूचना मानली असती तर दुखणं वाढलं असतं. दाब मोजायचं गेज लावल्यावर दिसलं की गाडी उभी आणि इंजिन चालू असताना कंडेन्सरकडचा दाब भलताच चढतोय, आणि इंजिनच्या फेऱ्या वाढवून जाळीवर बाहेरून मोठा पंखा धरला की झपाट्यानं उतरतोय. गॅस पुरेसा होता. अशा वेळी आणखी भरला असता तर दाब आणखी चढला असता. गॅस वजनावर भरायची चीज आहे. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आणि आर-१३४ए हवेत सोडणं वाईटच, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट उष्णता अडवतो.

बिघाड दोन निघाले. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि किड्यांचा थर बसला होता, आणि पंख्याची वरची स्पीड लागत नव्हती, कारण तिचा रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा स्विच, गेला होता. जाळी कमी दाबाच्या पाण्यानं आतून बाहेर अशी धुतली. जोराचा फवारा मारला तर पातळ पत्रे मुडपतात आणि हवेची वाट कायमची अडते. रिले बदलला. केबिन फिल्टरही काळाकुट्ट झाला होता, तो नवा घातला. पुढच्या टाक्यांत भावाचं ॲव्हरेज दहावर आलं आणि सिग्नलला हवा गार राहू लागली. बहिणीच्या आकड्यात काहीच फरक पडला नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं. दोघांपैकी फक्त शहरात चालवणाऱ्याचं ॲव्हरेज अवाच्या सवा पडत असेल आणि हवा उभ्या गाडीत कोमट होत असेल, तर गॅस भरायच्या आधी पंखा आणि जाळी पाहा, एवढं मी यातून हक्कानं सांगू शकतो.

भावाचं ॲव्हरेज दहावरून आणखी वर गेलं ते सवयी बदलून. त्यातली पहिली सवय त्याला पटवायला बराच वेळ लागला. तो घरच्या एसीच्या हिशेबानं तापमानाचं बटण मधोमध ठेवायचा, म्हणजे एसीला कमी काम पडेल अशी त्याची समजूत होती. या जातीच्या एसीत तसं होत नाही. कूलिंग कॉइल शून्याच्या जरा वरपर्यंत हवा गार करतेच. बटण गरम बाजूला फिरवलं की त्या गार हवेत हीटरची गरम हवा मिसळते. कॉम्प्रेसरचे कष्ट तेवढेच राहतात, मिळतो फक्त कमी थंडावा. त्यापेक्षा बटण पूर्ण थंडवर ठेवून ब्लोअर एकवर आणायचा. कॉइलवरून हवा कमी जाते, ती लवकर गार होते आणि क्लच लवकर सुटतो. क्षमता बदलणारा कॉम्प्रेसर आणि आपोआप तापमान राखणारा एसी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चोवीस-पंचवीस अंश लावण्यानं खरोखर बचत होऊ शकते.

दुसरी सवय आतली हवा फिरवण्याची. हे बटण लोक धुरापुरतं वापरतात, पण इंधनाच्या दृष्टीनं एसीच्या फळीवर याच्याइतकं मोलाचं दुसरं बटण नाही. समजा ब्लोअर तासाला तीनशे घनमीटर हवा ढकलतो. बाहेरची ३८ अंशांची हवा १० अंशांपर्यंत आणायची तर सुमारे २.७ किलोवॉट उष्णता काढावी लागते, शिवाय हवेतलं बाष्प कॉइलवर पाणी होऊन टपकतं त्याची उष्णता वेगळी. आतली थंड झालेली २५ अंशांची हवा परत घेतली तर दीड किलोवॉटच्याही आत भागतं, आणि ती आधीच कोरडी झालेली असते. काम निम्म्यावर आलं. मात्र गाडीत चारजण असतील तर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, झोप येते. म्हणून लांबच्या वाटेवर थोड्या थोड्या वेळानं बाहेरची हवा घ्यायलाच हवी. बहिणीला मी हे निक्षून सांगितलं. इथे पेट्रोलचा हिशेब करायचा नाही.

पहिल्या दहा मिनिटांचाही प्रश्न होता. उन्हात बंद उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. भाऊ काय करायचा, तर गाडी सुरू करून, एसी पूर्ण लावून बाहेर उभा राहायचा, आत गार होईपर्यंत. त्या वेळात शून्य किलोमीटर होतात आणि पेट्रोल जातं. उभ्या गाडीत इंजिनच्या फेऱ्या कमी, म्हणून कॉम्प्रेसरही संथ. चालत्या गाडीत केबिन जास्त लवकर थंड होते. आता तो चारही काचा खाली करून निघतो, तापलेली हवा एक-दोन मिनिटांत बाहेर जाते, मग काचा वर, एसी सुरू, थोड्या वेळानं आतली हवा फिरवायचं बटण. शक्य तिथे सावली, नाही तर पुढच्या काचेला आतून चकाकता पडदा.

या सगळ्यानंतर शहरातलं ॲव्हरेज अकराच्या आसपास स्थिरावलं. पंधराच्या वेगाला अकरा म्हणजे तासाला १.३६ लिटर, त्यात एसीचा वाटा ०.३ चा, सुरुवातीच्या निम्मा. चौदा मात्र एसी लावून मिळणार नाही. त्या गर्दीत, त्या उन्हात ते मागणं रास्तही नाही.

काचा उघड्या ठेवून एसी बंद करावा का, हे दोघांनीही विचारलं. या गाडीपुरतं उत्तर हिशेबातून काढता येतं. हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. गाडीचा आकार पाहता ५० च्या वेगाला ती सुमारे १.१ किलोवॉट, ९० ला ६.३, ११० ला साडेअकरा. उघड्या काचांनी विरोध दहा टक्के वाढतो असं धरलं तर ५० ला खर्च ०.१ किलोवॉट, म्हणजे नगण्य. ९० ला ०.६, ११० ला १.१५. नीट वापरलेला एसी सव्वा किलोवॉटच्या आसपास घेतो. म्हणून शहरात ऊन उतरल्यावर काचा उघडणं कधीही स्वस्त, आणि महामार्गावर वेग शंभरच्या पुढे गेला की दोन्ही जवळजवळ सारखंच. तिथे मी काचा बंद ठेवायला सांगेन, कारण वाऱ्याच्या आवाजानं माणूस थकतो.

बहिणीसाठी एक छोटी गोष्ट उरते. उतारावर किंवा पुढे टोलनाका दिसत असताना गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात आणि कॉम्प्रेसर गाडीच्या वेगावर फिरतो. तेवढा वेळ थंडावा खरोखर फुकट असतो. गाडी न्यूट्रलला टाकून उतरणाऱ्याला तो मिळत नाही, आणि ब्रेकवरचा भारही वाढतो.

वहीत दोघांनी आता एक जादा रकाना आखला आहे: लिटर, किलोमीटर आणि इंजिन चालू असलेले तास. दमट दिवसांचे आकडे त्यात अजून यायचे आहेत. तेव्हा तापमान कमी असेल, पण कॉइलवर पाणी जास्त सुटेल आणि काच धुकटू नये म्हणून एसी लावून बाहेरची हवाही घ्यावी लागेल. माझा अंदाज असा की भावाचा ०.३ त्या दिवसांत थोडा वर सरकेल आणि बहिणीच्या अठराला धक्काही लागणार नाही.